पस्तीस वेळा माफ

"अनिकेत, थांब. कोयता खाली ठेव. आधी मला बोलू दे."

माझ्या मुलाने उगारलेला कोयता हवेतच राहिला. पुढ्यात पाटावर हळदकुंकू लावलेला कोहळा, शेजारी ताम्हन धरून माझी सून सायली, आणि दारात मिल्कामावशी. पांढरी साडी, ओले केस, उन्हाने लाल झालेला चेहरा. नवरात्रातल्या नवमीची दुपार, साडेचार वाजत आले होते. आपल्या मोठ्या उपासाच्या दिवशी मिल्कामावशी दुपारची कुणाकडे जात नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

"ये ना आत," मी म्हटलं. "जेवली का तू? सूर्य बुडाला की तुझं दार बंद, मग उद्या रात्रीपर्यंत पाण्याचा घोटही नाही."

"नाही जेवले. आज होणार पण नाही बहुतेक."

मिल्का पेणकर आमची शेजारीण. माधव नगरात आमच्या भिंतीला तिची भिंत. सरकारी दवाखान्यात नर्स होती, रिटायर होऊनही आता आठ वर्षं झाली. ती ज्यू आहे, पण कोकणातली ज्यू. त्यामुळे घरात मराठीच, आणि आमच्या हिंदी कालवलेल्या मराठीपेक्षा बरी. वडील रेल्वेत गार्ड म्हणून कुटुंब उज्जैनला आलं. पुढे दोघे भाऊ इस्राएलला गेले, ही एकटी मागे राहिली. लग्नही केलं नाही. का राहिली, असं कुणी विचारलं की आई अभिमानाने सांगायची, "आमच्यासाठी राहिली."

तिचा तो मोठा उपास म्हणजे दारफाळणीचा सण. दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं आणि दिवसभर देवाकडे वर्षाच्या पापांची माफी मागायची. पण दार लावण्याआधी माणसांची माफी मागून यायची, कारण माणसाचा केलेला गुन्हा देव परस्पर माफ करत नाही, असं तिचं शास्त्र. म्हणून दरवर्षी त्या सकाळी ती आमच्याकडे यायची. बाबांच्या खुर्चीपुढे उभी राहून म्हणायची, "विष्णूदादा, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा." बाबा पेपर बाजूला ठेवायचे. "अगं वेडे, तुझं काय चुकणार! माफ, माफ." मग ती खाली मान घालून जायची. आम्ही तिची चेष्टा करायचो, की मावशी, पाप तरी कर काहीतरी, उपास वाया चाललाय तुझा.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती माफी मागायला आली नव्हती. म्हणून यंदा ती आली तेव्हा मला वाटलं, आता माझ्याकडे मागायला आली असेल.

"माफ, माफ," मी बाबांसारखं हात हलवत म्हटलं. "बस. कोहळा कापू दे पोराला. मुहूर्त टळतोय."

ती बसली नाही. कंबरेला खोचलेला रुमाल काढला आणि त्याची गाठ सोडली. आत कापूस, आणि कापसात काचेची एक बोटभर कुपी. इंजेक्शनच्या पाण्याची असते तशी. वरचं छापील अक्षर पुसट झालेलं, पण कुपी न फोडलेली, आत पाणी तसंच.

"ही ती कुपी," मिल्कामावशी म्हणाली. "विष्णूदादांनी पाठवलेली. त्यांनी बरोबर पाठवली होती."

मला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं, पण डोकं आत घेईना. मला एकदम गॅसवर ठेवलेल्या दुधाची आठवण झाली. मी सायलीला म्हटलं, "दूध बघ गं." तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

आता बाबांचं सांगायला हवं. विष्णू चौबळ त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. चौऱ्याऐंशी साली, मी पंधरा वर्षांची असताना, शहराच्या टोकाच्या भैरवगढची एक बाळंतीण तिथे इंजेक्शन दिल्या दिल्या गेली. रामकन्या नाव. छापखान्याच्या घरातली, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापतात त्या छिपा लोकांतली. तीन दिवसांची मुलगी मागे राहिली. औषधाची पूड पाण्यात कालवून द्यायची होती, आणि पाण्याऐवजी भलतीच कुपी फोडली गेली. सलाइनमध्ये थेंब थेंब घालायचा खार, तो सरळ शिरेत. दोन्ही कुप्या दिसायला सारख्याच. चौकशी झाली, आणि कंपाउंडरने चुकीची कुपी पाठवली असा ठपका ठेवून बाबांना काढून टाकलं.

बाबा पहिले काही महिने म्हणायचे, "मी लेबल वाचलं होतं गं. दोनदा वाचलं होतं." मग म्हणायला लागले, "वाचलं होतं ना मी?" आणि एक दिवस त्याबद्दल बोलायचेच बंद झाले. पुढे छत्री चौकातल्या एका कापडाच्या दुकानात थान उलगडून दाखवायचं काम त्यांनी वीस वर्षं केलं. घरात औषधाच्या बाटलीला हात लावला नाही. डोकं दुखलं तर आईला म्हणायचे, तू दे, आणि तीन वेळा वाचून दे.

दर अविधवा नवमीला, म्हणजे पितृपक्षात सवाष्ण गेलेल्या बायकांची तिथी असते त्या दिवशी, ते सायकलने भैरवगढला जायचे. तिथल्या नदीकाठच्या वडाखाली, सिद्धवटावर, रामकन्येच्या नावाने पिंड ठेवायचे. आईचा जीव नुसता खालीवर व्हायचा. "आपल्या घरात कुठली सवाष्ण गेली? लोकांना वाटेल, जिवंतपणी माझंच श्राद्ध घालून राहिले!" बाबा ऐकून घ्यायचे आणि तिथून रामकन्येच्या घरी जायचे. फाटकाबाहेर हात जोडून उभे राहायचे. आत कुणी घ्यायचं नाही. पाच-दहा मिनिटं उभे राहून परत यायचे. एकदा तिच्या नवऱ्याने नुकत्याच छापलेल्या कापडाची ओली घडी फेकून मारली होती, तेव्हा सदऱ्यावर उमटलेला लाल रंग आईने चार धुण्यांत काढला.

"त्यांनी ट्रेमध्ये पाण्याची कुपी ठेवली होती," मिल्कामावशी सांगत होती. तिचा आवाज अगदी सपाट होता, ड्यूटीचा चार्ज देताना असतो तसा. "मी ती उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची ओरडली. मी वळले, परत आले, आणि समोरच्या डब्यातली कुपी फोडली. ती खाराची होती. ही घरी गेल्यावर खिशात सापडली."

"आणि चौकशीत?" हे अनिकेतने विचारलं.

"चौकशीत साहेबांनी विचारलं, ट्रेमध्ये काय आलं होतं? मी म्हटलं, जे आलं तेच दिलं. बस. एवढंच एक वाक्य."

सत्तावीस वर्षांची होती ती तेव्हा. वडील नुकतेच गेलेले, दोन भाऊ शाळेत. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्या क्षणी त्यातलं काहीही मला नको होतं. या बाईने माझ्या आईची शेवटची दोन वर्षं काढली होती. बाबांच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा ती रोज दोनदा येऊन धुवायची. माझा नवरा गेला आणि मी अनिकेतला घेऊन माहेरी आले, तेव्हा पहिला महिना हिनेच मला जेवायला घातलं. तिच्या नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा आधी आमच्याकडे यायचा. मी तिला सख्ख्या मावशीहून जवळची मानली, आणि ती मात्र एवढी वर्षं दंड भरत होती.

"आत्ता का?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "बाबा असताना का नाही? समोर बसलेले असायचे ना गं ते!"

"दरवर्षी ठरवून यायचे. उंबऱ्यात आल्यावर तोंडातून निघायचं, काही चुकलंमाकलं असेल तर. आणि ते म्हणायचे, माफ. पस्तीस वर्षं, पस्तीस वेळा. मला वाटायचं, म्हणाले ना माफ, चाललं. पण कशाबद्दल करतोय ते त्यांना कुठे माहीत होतं?" तिने ओठ चावला. "यंदा गणपतीत अनिकेतने सायलीला सांगितलं. हसत हसत. आमच्या आजोबांच्या हातून एक बाई मेली होती, म्हणून या घरात औषध तीनदा वाचून घ्यायचं. मी तिथे मोदक वळत होते. म्हटलं, आता हे पुढे हिच्या पोरांनाही सांगतील."

अनिकेतने मान खाली घातली. सायली रडत होती, ते मला तिच्या नाक ओढण्यावरून कळलं.

मिल्कामावशीने पाटावरच्या कोहळ्याकडे बोट केलं. "हे तुम्ही बकऱ्याऐवजी कापता ना? आमचे पण बकरे होते, दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे इस्राएलात आमचं देऊळ होतं तेव्हा. या दारफाळणीच्या दिवशी दोन आणायचे. एक देवाच्या नावाने कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर पुजाऱ्याने दोन्ही हात ठेवायचे, सगळ्यांची पापं मोठ्याने बोलायची, आणि त्याला रानात सोडून द्यायचं. त्याने काही केलेलं नसायचं. तो नुसता घेऊन जायचा." ती माझ्याकडे वळली. "विष्णूदादांच्या डोक्यावर माझे हात होते, अलका. आणि मी तर तोंडाने बोलले पण नाही."

"पुरे," मी म्हटलं.

"देऊळ पडल्यावर बकरे गेले. आता नुसता शब्द द्यायचा असतो, काय केलं ते नाव घेऊन. आणि तसंही बकरा चुकीला चालायचा, जाणूनबुजून केलेल्याला नाही. माझी चूक एका मिनिटाची होती. बाकीची एक्केचाळीस वर्षं जाणूनबुजून." मग ती ज्यासाठी आली होती ते बोलली. "ज्याचा गुन्हा केला तो मेला असेल, तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि दहांच्या समोर बोलायचं, असं आहे आमच्यात. तुमच्यात कबर नसते. त्यांना चक्रतीर्थाच्या घाटावर अग्नी दिला होता, तिथे जाऊ. दहा माणसं तू जमव. आज सूर्य बुडायच्या आत."

मी उभी राहिले. आयुष्यभर गणित शिकवलं, पोरींवर ओरडले, पण असा राग मला कधी आला नव्हता. तो फक्त तिच्यावर नव्हता. अनिकेत चार वर्षांचा असताना तापाने फणफणला होता. बाबांनी घाबरून सिरपची बाटली उचलली, तर मी ती हिसकून घेतली होती. "बाबा, तुम्ही हात लावू नका!" ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि गॅलरीत जाऊन बसले. मी कधी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. मला वाटलं होतं, मी बरोबरच होते.

"घाटावर कोण ऐकणार तुझं? नदी?" मी म्हटलं. "बाबा तिथे फक्त जळले. उभे राहिले ते भैरवगढला. चल तिथे. मीही येते."

एवढं तिने धरलं नव्हतं. पण नाही म्हणाली नाही. कोहळा तसाच पाटावर ठेवून आम्ही निघालो.

रिक्षात आम्ही दोघी एकाच सीटवर, मध्ये हातभर जागा. नवमीची गर्दी, जागोजागी देवीचे मंडप, भंडाऱ्याच्या रांगा. रिक्षावाला म्हणाला, "काल भैरव जाओगी न अम्मा? दारू इधर से ही ले लो, उधर महँगी मिलेगी." तिथल्या भैरवाला दारूचाच नैवेद्य असतो; एरवी मी हसले असते. भंडाऱ्याची पुरी-भाजी दिसली तेव्हा तिच्या पोटात काही नाही, याची मला आठवण झाली. तासाभरात तिचा उपास सुरू होणार होता. मी तिला काही विचारलं नाही.

रामकन्येचं घर मला पाहून माहीत होतं. लहानपणी एकदा बाबांच्या सायकलवर मागे बसून आले होते. तेव्हाचं लाकडी फाटक जाऊन लोखंडी आलं होतं. आत लांबलचक अंगण, दोऱ्यांवर वाळणाऱ्या लाल-काळ्या चादरी, टेबलांवर वाकून ठसे मारणारी माणसं. धप, धप, असा एका लयीत आवाज. ओसरीवर खाटेवर एक अगदी म्हातारा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

चाळिशीची एक बाई पुढे आली. हात मनगटापर्यंत लाल. "कहिए दीदी, चादर दिखाऊँ?"

"मैं चौरासी वाले कंपाउंडर की बेटी हूँ," मी म्हटलं.

तिचा चेहरा बदलला. "सुईवाले की?" तिने शिवी म्हणून विचारलं नाही, त्या घरात बाबांचं तेच नाव होतं. "मैं मुक्ता. रामकन्या की बेटी. अब क्या है? वो तो कई साल से आए नहीं. अच्छा ही है. बाबूजी की तबीयत खराब हो जाती थी उनको देख के."

मिल्कामावशी फाटकाच्या आत दोन पावलं आली होती. ती मुक्ताकडे बघत होती, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती माणसं मोजतेय. छापणारे सहा, धुणाऱ्या दोघी, मुक्ता, आणि मी.

"दस हो गए," ती पुटपुटली. मग तिने आवाज चढवला. एवढ्या मोठ्याने बोललेली मी तिला कधी ऐकली नव्हती. "सुनिए! सब लोग सुनिए!"

ठशांचा आवाज थांबला.

"मेरा नाम मिल्का पेणकर है. मैं अस्पताल में नर्स थी. रामकन्या को सुई मैंने लगाई थी. कंपाउंडर ने सही दवा भेजी थी, ये रही. मैंने दूसरी फोड़ दी. वो गलती से हुआ. फिर साहब ने पूछा तो मैंने झूठ बोला, और वो गलती से नहीं हुआ. नौकरी उनकी गई, बदनामी उनकी हुई. मैंने रामकन्या का गुनाह किया, इस बच्ची का किया, उस आदमी का किया, और भगवान का किया."

तिने कुपी मुक्ताच्या लाल तळहातावर ठेवली आणि मागे सरली. तिच्या रिवाजात आता त्या दहा जणांनी तीनदा माफ म्हणायचं असतं, हे तिने मला नंतर कधीतरी सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की ती कशाची तरी वाट बघत उभी आहे. कुणीही काही म्हणालं नाही. मीही नाही.

मुक्ता कुपी उन्हाकडे धरून बघत राहिली. आपली आई जिने वाचली असती, ती हीच. मग तिने कोरड्या आवाजात मला विचारलं, "दीदी, उनका नाम क्या था?"

"विष्णू," मी म्हटलं. "विष्णू गणेश चौबळ."

ती ओसरीवर गेली. म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून ओरडली, "बाबूजी! वो विष्णू चौबळ जी थे न? सुईवाले?"

म्हाताऱ्याने कूस बदलली. "हूँ?"

"उनने नहीं मारा था माँ को! सुना? उनने नहीं मारा था! उनकी गलती ही नहीं थी!"

तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज फाटला. म्हातारा खाटेच्या कडेला धरून हळूहळू उठून बसला. डोळ्यांना दिसत नसावं, कारण तो फाटकाच्या दिशेने नुसता चेहरा फिरवत राहिला. त्याची हनुवटी हलत होती.

"आया है क्या वो?" त्याने विचारलं.

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. ते गेलेत, हे मी सांगितलं नाही.

"तो बाहर काहे खड़ा रखा है?" म्हातारा चिडून म्हणाला. "भीतर बुला. इत्ते बरस से खड़ा है आदमी. यहाँ बिठा, मेरे पास."

मिल्कामावशी फाटकापाशीच होती. तिला कुणी आत बोलावलं नाही आणि कुणी जा म्हटलं नाही. ऊन चादरींच्या खाली उतरलं होतं, तिच्या उपासाला फार तर अर्धा तास उरला असेल.

मी चप्पल काढली, ओसरीवर चढले आणि म्हाताऱ्याने हाताने झटकून केलेल्या जागेवर बसले. त्याने चाचपडत माझा हात धरला. तो बाईचा हात आहे हे त्याला कळलं असणार, पण त्याने सोडला नाही.